नासलेल्या दुधाचे डोहाळे

त्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या बायकोच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. दिवस गेल्याचं कळलं त्या आठवड्यापासून तिचं जेवण सुटलं. भाताचा वास नको, फोडणीचा नको, साबणाचा नको, शेवटी शेवटी माझ्या ओल्या कोटाचाही नको. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरीला. दिवसभर लोकांना औषधं देणारा माणूस, आणि घरात माझी एकही गोळी चालत नव्हती. एकदा तिला दोन दिवस सलाईनवर ठेवून घरी पाठवलं होतं. मिडवाइफ म्हणाली होती, "वजन असंच उतरत राहिलं तर पुन्हा ॲडमिट करावं लागेल, आणि मग लवकर सोडणार नाहीत."

आमची भीती मात्र सलाईनची नव्हती. आदल्या वर्षी एकदा दिवस राहिले होते, पण टिकले नव्हते. त्याबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. तिनं एक घास गिळला की मी भिंतीकडे बघत तो आत राहतोय का याची वाट बघायचो, एवढंच.

तिच्या आईचा फोन रोज यायचा, किंवा आम्ही फोन कार्ड खरवडून करायचो. "तिला इकडे पाठवा," सासूबाई म्हणायच्या. "डोहाळे पुरवायला माणसं लागतात. तिकडे कोण आहे तुमचं?"

खरं सांगायचं तर तिकडे आमच्या खाली एक आजी होत्या.

हॅरोमधल्या त्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. खाली घरमालकीण राहायच्या, वय ऐंशीच्या आसपास. जन्म बेल्जियमचा, फ्लेमिश भाग. दुसरं महायुद्ध संपल्यावर एका इंग्रज सैनिकाशी लग्न करून इकडे आल्या आणि त्याच घरात विधवा झाल्या. आम्ही जागा शोधत होतो तेव्हा माझं आडनाव ऐकून दोघा-तिघांनी फोनवरच जागा गेल्याचं सांगितलं होतं. या बाईंनी मात्र दार उघडून पहिल्यांदा विचारलं होतं, "तुम्ही लसूण खाता ना? बरं झालं. आधीचा भाडेकरू खात नव्हता, माझ्या स्वयंपाकाची तक्रार करायचा." बायको त्यांना आजीच म्हणायची. त्यांना त्या शब्दाचा अर्थ सांगितल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मला मूलच नाही, तर नात कुठून? पण चालेल."

ईस्टरला आम्ही युरोपला जाणार होतो. मराठी मंडळातल्या सहा कुटुंबांची सहल, बरोबर पुरी-भाजी, चिवडा, धपाटी, आणि एक प्रेशर कुकरसुद्धा. व्हिसे काढून झाले होते. आजींनी मुद्दाम त्यांच्या भाचीचा पत्ता लिहून दिला होता, "तिकडे गेलात तर जा तिच्याकडे." पण बायकोची ही अवस्था झाली, सहल आमच्याशिवाय गेली आणि पासपोर्टातले व्हिसे तसेच राहिले.

त्याच ईस्टरला ती भाचीच आजींकडे आली. पन्नाशीची, लाल गालांची, शेतावरची बाई. जिन्यात दोनदा भेट झाली. ती गेल्यावर आजींनी खालून हाक मारली आणि भाचीनं आणलेले दोन छोटे टार्ट एका बशीत घालून माझ्या हाती वर पाठवले. वरून तपकिरी, फुगलेले, पापुद्रा सुटलेले. मी बायकोला दाखवले ते निव्वळ उपचार म्हणून. तिनं वास घेतला. एक तुकडा मोडला. मग दुसरा. मी भिंतीकडे बघत बसलो. अर्धा तास गेला, काही झालं नाही.

"अहो," ती म्हणाली, "हे आत राहिलं."

आजींकडे आणखी चार होते. तीन दिवस ती त्यांच्यावर जगली. मी आजींना विचारलं, यात आहे काय? आजी म्हणाल्या, "मॅटन. दूध उकळत आणायचं, त्यात ताक ओतायचं, दूध फुटतं. तो चोथा फडक्यात टांगायचा. मग अंडं, साखर, बदाम. माझ्या गावाकडे करतात. तिथल्या चार गावांच्या दुधाशिवाय होत नाही, आणि चार दिवसांवर टिकत नाही."

त्या संध्याकाळी सासूबाईंना मी आनंदानं ही बातमी दिली.

"नासलेल्या दुधाचं?" त्या म्हणाल्या. "पोटुशी बाईला?"

"आई, ते मुद्दाम नासवतात," बायको माझ्या हातातून फोन घेत म्हणाली.

"मुद्दाम! घरात दूध नासलं तर मी दिवसभर कुणाशी बोलत नाही, आणि ते लोक मुद्दाम नासवतात? काही खाऊ नकोस गं असलं."

"आई, दुसरं काही राहतच नाही."

तेवढ्यात कार्डावरचे पैसे संपले.

टार्ट संपले आणि पुन्हा तेच सुरू झालं. वेम्बलीच्या ईलिंग रोडवरून मी पनीर आणलं, कलाकंद आणला, रसमलाई आणली. हॉस्पिटलजवळच्या फ्रेंच बेकरीतून चीज टार्ट आणला. तिनं प्रत्येकाचा वास घेऊन मान वळवली. मे उजाडला. मिडवाइफनं काट्यावरचा आकडा लिहिला आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "सोमवारी पुन्हा बघू." त्या रात्री बायको मला म्हणाली, "मला काही हट्ट करायचा नाही. पण ते आजींचं असतं तर मी खाल्लं असतं, असं वाटतं."

आमच्याकडे डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळते म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही. मी विज्ञानाचा पदवीधर आहे, आमच्या घरातला पहिला. पण शनिवारी पहाटे मी मेट्रोपॉलिटन लाइनच्या पहिल्या ट्रेनमध्ये बसलो होतो आणि मांडीवर हापूसची पेटी होती. कारण कुणाच्या दारी पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही, हे मात्र मी पदवीच्या आधी शिकलो होतो. शेजारच्या घरातल्या एका मैत्रिणीला बायकोजवळ बसवून आलो होतो. आजी झोपल्या होत्या, त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी भाचीला फोन केला असता, आणि फोन गेला की समोरची बाई कामाला लागते. न सांगता गेलं की घरात असेल ते मिळतं, कुणाला त्रास नाही. आमच्या गावात अशीच रीत होती.

वॉटर्लूहून समुद्राखालच्या बोगद्यातून ब्रसेल्स, तिथून एका छोट्या ट्रेननं खेरार्ड्सबेर्खन. नावाचा उच्चार मी आजींकडून शिकलो होतो, तरी तिकीट देणाऱ्यानं मला तीनदा म्हणायला लावलं आणि शेवटी स्वतः म्हणून दाखवलं. सपाट देश म्हणून ज्याचं नाव ऐकलं होतं तो खिडकीबाहेर हळूहळू उंच-सखल होऊ लागला. ओढ्यांच्या कडेला आखूड, जाड बुंध्यांची झाडं होती, डोक्यावरच्या फांद्या सगळ्या छाटलेल्या, जणू रांगेनं मुंज लागली आहे. नंतर कळलं, ती वाळुंजाची झाडं. त्यांच्या फांद्या दर काही वर्षांनी उतरवतात, त्यानं झाड जास्त जगतं.

भाचीचं शेत गावाबाहेर, टेकडीच्या पलीकडे. बस दोन तासांनी होती. मी पेटी घेऊन चालत निघालो.

ती टेकडी त्या गावची शान आहे हे मला ठाऊक नव्हतं. गावातून सरळ वर जाणारा दगडी रस्ता, इतका उभा की लोक त्याला भिंतच म्हणतात. सायकलवाले तो चढण्यासाठी लांबून येतात. मी पेटी सांभाळत वर जात होतो आणि माझ्या शेजारून लालभडक चेहऱ्यांचे लोक माझ्याइतक्याच वेगानं सायकली रेटत होते. एक पन्नाशी-साठीतला गृहस्थ शेवटी खाली उतरला आणि सायकल ढकलत माझ्याबरोबर चालू लागला.

"पेटीत काय आहे?" त्यानं इंग्रजीत विचारलं. "लग्नाचा केक?"

"आंबे."

"वरच्या चॅपेलमधल्या माउलीला?"

"नाही. एका बाईंना. त्यांच्या मावशी आमच्या घरमालकीण आहेत."

"मी वीस वर्षं या रस्त्यावर सायकल चालवतोय," तो म्हणाला, "घरमालकिणीसाठी हा चढ चढणारा माणूस पहिल्यांदा पाहिला."

माझे वडील गवंडी होते. त्यामुळे मी थांबलो तिथे आधी पायाखाली बघितलं. छोटे चौकोनी दगड कमानीसारख्या ओळींत बसवलेले, पाणी दोन्हीकडे उतरावं अशी मधे किंचित फुगवट. कुणीतरी गुडघ्यावर बसून एकेक दगड ठोकला असणार. वर घुमटाचं चॅपेल होतं, आत मेणबत्त्या जळत होत्या. मी एक नाणं टाकून एक मेणबत्ती लावली. काय मागावं ते ठरवावं लागलं नाही. बाहेर आलो तर खाली डेंडर नदीचं वळण, लाल कौलं, आणि त्यापलीकडे हिरव्याचे इतके पट्टे की कुठला गव्हाचा आणि कुठला गवताचा हे ओळखत मी बराच वेळ उभा राहिलो. आमच्याकडे मेमध्ये रान भाजून निघालेलं असतं. हिरवं बघून पोट भरतं असं माझी आई म्हणायची, ते मला तेव्हा आठवलं आणि बायको घरी उपाशी आहे हेही.

पलीकडची वाट एका रानातून उतरत होती. रानभर पांढरी फुलं आणि लसणाचा घमघमाट. खरंच लसूण, रानातला. आजी लसणाबद्दल आधी का विचारतात ते मला तिथे समजलं. रान संपल्यावर दोन लिंडनच्या झाडांखाली एक खोलीएवढंही नाही असं देऊळ, जाळीच्या आत मेरीची मूर्ती, पुढे बरणीत ताजी फुलं. शेताच्या बांधावर आपल्याकडे म्हसोबा असतो तसंच. मी चपला काढल्या नाहीत, पण पाय तिथे जरा घुटमळले.

शेतावर पोहोचलो तेव्हा दुपारचं जेवण होऊन गेलं असावं. विटांचं लांब घर, अंगणात कोंबड्या. मी दार वाजवलं. भाचीनं अर्धं दार उघडलं. तिनं मला पाहिलं, माझ्या दोन्ही हातांतली पेटी पाहिली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. दाराची कड धरून ती एकच शब्द बोलली.

"मावशी?"

मला काही कळेना. मी हसून म्हणालो, "हो, मावशींच्या घरून आलोय."

ती तिथेच पायरीवर बसली. आतून तिचा नवरा आला, उंच, गमबूट घातलेला. दोघं आपल्या भाषेत भराभरा बोलले. मग त्यानं मला फार हळुवारपणे विचारलं, "केव्हा झालं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्याकडे न कळवता कोणी येतच नाही. ऐंशी वर्षांच्या मावशीचा भाडेकरू समुद्र ओलांडून, गंभीर चेहऱ्यानं, हातात पेटी घेऊन दारात उभा, याचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता.

"नाही नाही, आजी ठणठणीत आहेत!" मी ओरडलोच. "पहाटे घोरत होत्या! हे आंबे आहेत. आंबे! माझ्या बायकोला तुमचे टार्ट हवेत, बाकी काही नाही."

भाची हसायला लागली, हसता हसता रडली, मग उठून माझ्या दंडावर जोरात एक चापट मारली. "फोन का नाही केलास?"

मी आमचा हिशेब सांगितला. फोन केला की घरातल्या बाईला त्रास होतो, म्हणून. तिनं तो नवऱ्याला भाषांतर करून सांगितला. तो काहीतरी म्हणाला.

"तो म्हणतो, मग हा त्रास तुझ्या हिशेबात कुठे बसतो?"

त्यांनी मला टेबलाशी बसवलं. "घरात आहे तेच मिळेल," भाची मुद्दाम म्हणाली, "तुमच्या रीतीप्रमाणे." आणि चुलीच्या कडेवरचं पातेलं पुढे ओढून तिनं माझ्यापुढे एक वाडगा ठेवला. पांढरं, दाटसर, वाफ येणारं, त्यात मऊ शिजलेले सोललेले जव आणि सफरचंदाच्या फोडी, वर काळसर साखर. मी चमचा तोंडात घातला आणि थांबलो. ताक होतं. ताकात शिजवलेल्या कण्या.

आमच्या घरी महिनाअखेरीला हेच असायचं. शेजारच्यांकडून फुकट मिळालेलं ताक, ज्वारीच्या कण्या, मीठ, असलाच तर लसूण. आई म्हणायची, "आजारी माणसाला आणि गरिबाला एकच पथ्य." इथे मीठ-लसणाऐवजी साखर-सफरचंद होतं, पण आंबटपणाचा तो घशाला लागणारा मऊ काठ अगदी तोच. मी दुसरा वाडगा मागून घेतला. शेतकरी बायकोकडे बघून काही पुटपुटला.

"तो म्हणतो, त्याच्या आईनंतर हे कुणी दुसऱ्यांदा मागितलेलं नाही," भाची म्हणाली. "मुलं तर नाकं मुरडतात."

सुदैवानं तो तिचा भाजण्याचा वार होता. आदल्या दिवशी फोडलेलं दूध रात्रभर जाड तागाच्या फडक्यात टांगलेलं होतं. ते फडकं तिच्या आजीचं. तिनं गाठ सोडली आणि आत पांढरा, घट्ट, दाणेदार गोळा. आमच्या घरी दूध नासलं की आईचा चेहरा उतरायचा, आणि मग ती त्यात गूळ घालून आटवायची आणि आम्हा मुलांना सांगायची, "आज गोड आहे." आम्हाला वाटायचं सण आहे. इथे सकाळचं ताजं, सायीचं दूध हौसेनं फोडत होते. सासूबाईंना हे दाखवायला हवं होतं, असं मनात आलं.

टार्ट ओव्हनमध्ये गेले तसा तिचा नवरा मला गाई दाखवायला घेऊन गेला. इंग्रजी थोडंच होतं त्याला. बोट दाखवून तो एकेक नाव सांगायचा, गवताचं, पक्ष्याचं, ओढ्याचं. कुंपणापलीकडे त्यानं थांबवलं, बोट ओठांवर ठेवलं. कुठूनतरी कुकूऽ, कुकूऽ आलं. "मे," तो म्हणाला. बस एवढंच. मी मान डोलावली. आमच्याकडेही मेमध्ये कोणीतरी असंच ओरडत असतं, पण ते सांगायला दोघांकडेही शब्द पुरेसे नव्हते.

निघताना भाचीनं डझनभर टार्ट एका डब्यात भरले आणि मला स्टेशनवर सोडलं. "तिला सांग, माझी आई माझ्या वेळी चार महिने काही खात नव्हती," ती म्हणाली. "आणि बघ, मी केवढी झाले." खरोखरच ती चांगली धिप्पाड होती.

घरी पोहोचलो तेव्हा बायको जागी होती. तिनं डब्याचं झाकण उघडून डोळे मिटले आणि एक टार्ट निम्मा खाल्ला. राहिला. रविवारी सकाळी एक, संध्याकाळी एक. मी जगज्जेत्यासारखा घरात फिरत होतो. सोमवारी मिडवाइफनं काट्याकडे बघून "हं" केलं. बरं की वाईट ते कळलं नाही, पण ॲडमिट केलं नाही. "आठवडाभरानं या," म्हणाली.

आणि मंगळवारी सकाळी मी बशी पुढे केली तर बायकोनं तोंडावर पदर धरला.

"अहो, रागावू नका हं," ती म्हणाली. "आता त्याचा वास येतोय."

मी रागावलो नाही. पण स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभा राहिलो. डब्यात सात टार्ट उरले होते. दुसऱ्या देशातून आणलेले. डोहाळे बदलतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, मलाही होतं. पण आता पुढे काय आणायचं, कुठून आणायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जिन्यावर आवाज आला. सावकाश, एकेका पायरीवर थांबत. आजींचे गुडघे धरलेले असायचे, आम्ही राहायला आल्यापासून त्या कधी वर चढल्या नव्हत्या. मी धावलो तर त्या अर्ध्यावर उभ्या, एका हातात कठडा, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेलं पातेलं.

"तू," त्या धापा टाकत म्हणाल्या, "माझ्या भाचीला माझ्या मरणाची बातमी देऊन आलास!"

"आजी, तसं नव्हतं…"

"सगळं सांगितलंय तिनं फोनवर. पेटी घेऊन उभा होता म्हणे, पाद्र्यासारखा. मी तर खूष झाले. मी गेले तर कोण रडेल ते आता मला कळलं." त्यांनी पातेलं माझ्या हातात दिलं. "आणि म्हणाली, तू दोन वाडगे खाल्लेस. आमचं ताकाचं खाणं. मी कितीतरी वर्षांत केलं नाही. एकट्या माणसासाठी कोण करतं?"

बायकोनं पातेल्यात डोकावून बघितलं. मी भिंतीकडे तोंड वळवलं.

"हे कण्यांसारखं आहे," तिचा आवाज आला. "माझी आज्जी करायची." मग थोड्या वेळानं, "आजी, साखर आहे यात. मीठ घालून दिलं तर चालेल?"

"मीठ?" आजी सोफ्यावर बसत म्हणाल्या. "हे काय बोलते ही?"

तिनं मीठ घालून खाल्लं. अर्धी वाटी. आजी गुडघे चोळत तिच्यासमोर बसून राहिल्या, मी उभा राहिलो. आम्ही तिघंही हवापाण्याबद्दल बोलत होतो आणि तिघांचंही लक्ष घड्याळाकडे होतं. ती वाटी आत राहिली. दुपारी तिनं स्वतः उठून आणखी घेतलं.

त्यानंतर घरात ताकाचं राज्य सुरू झालं. ईलिंग रोडवरून मी दही आणि ज्वारीच्या कण्या आणायचो, आजी जव शिजवायच्या. खाली गोड, वर खारट. मे संपेपर्यंत तिला वरण-भात चालू लागला, जूनमध्ये तिनं माझ्या हातून भरलं वांगं बिघडल्याबद्दल मला झापलं, तेव्हा मला कळलं की आता काळजी नाही. सासूबाईंनी सगळी हकीगत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "ताक चांगलं. पण संध्याकाळनंतर नको, सर्दी होईल बाळाला." नासलेल्या दुधाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं. माहेरी करतात, किंवा सासरी, फुलांच्या वाडीत नाहीतर नावेत. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. बायकोच म्हणाली, "मला ती टेकडी बघायचीय. आणि आजींनाही न्यायचं." आजी दहा वर्षांत गावी गेल्या नव्हत्या. मिडवाइफला विचारलं, नवे व्हिसे काढले. आणि या वेळी फोन केला. भाचीनं विचारलं, "सगळे जिवंत आहात ना? मग या."

सप्टेंबर होता. सफरचंदं लगडलेली होती. वाटेतल्या त्या लिंडनखालच्या देवळाशी आजींनी गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरल्या आणि जाळीला धरून जरा वेळ उभ्या राहिल्या. काय मागितलं ते आम्ही विचारलं नाही.

शेतकऱ्यानं सफरचंदाच्या जाड फांदीला दोरखंडाचा झोपाळा बांधला होता. त्यावर आधी स्वतः बसून त्यानं तो दोनदा तपासला, आणि तो उतरेपर्यंत फांदी कुरकुरत राहिली. बायको हिरवी साडी नेसली. भाचीनं बागेतल्या ॲस्टरच्या फुलांची माळ तिच्या केसांत, दुसरी मनगटात बांधली. मी मोबाइलवरून सासूबाईंना फोन लावून दिला, म्हणजे त्यांना तिथून हुकूम सोडता येतील. आजींनी ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि, दुसरं काही न सुचून, एक चांगलं मोठं सफरचंद.

मग वाट्यांचा खेळ. दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, दुसरीत बर्फी. तिनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. पेढे-बर्फी आणायची मी विसरलो होतो. भाची आत जाऊन एका वाटीत छोटा टार्ट आणि दुसरीत कडक गोल बिस्किट ठेवून आली. त्या गावात एका सणाला टेकडीवरून गर्दीवर असली बिस्किटं उधळतात म्हणे. टार्ट म्हणजे पेढा, बिस्किट म्हणजे बर्फी, असं ठरलं. शेतकऱ्यानं टार्टवर पैज लावली, आजींनी बिस्किटावर.

मला मात्र त्या टार्टची धास्ती होती. मंगळवारची ती सकाळ मी विसरलो नव्हतो.

बायकोनं डावीकडची वाटी उघडली. बिस्किट. आजींनी टाळी वाजवली. "मुलगी! मुलगी!" भाची ओरडली. फोनमधून सासूबाई विचारत होत्या, "काय निघालं? अगं, काय निघालं?"

कुणाचंही लक्ष नसताना बायकोनं दुसरंही झाकण काढलं होतं. बिस्किट तोंडात होतंच, त्यामागे तिनं टार्टचा मोठा तुकडा मोडून घातला आणि झोपाळ्याला पायानं हलका झोका दिला.

"आई," ती भरल्या तोंडानं फोनकडे वळून म्हणाली, "दोन्ही निघालं. थांब जरा, खाऊन सांगते."